मासळीची टोपली आणि गोल्फचा चेंडू

टोकियो येथे २०२१ साली झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत उदयन माने हा पुण्याचा म्हणून ओळखला जाणारा गोल्फपटू भारताकडून खेळला. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतल्यामुळे त्याला ऐनवेळी जागा मिळाली, आणि ६० खेळाडूंत तो ५६ वा आला. या घटनेची दखल श्रमिक चळवळीने घेण्याचे कारण काय, असे कोणीही विचारील. गोल्फ हा साहेबांचा खेळ. साहेब गेले, त्यांच्या जागी कंपन्यांचे संचालक आणि वरिष्ठ अधिकारी आले. हिरवळ तीच राहिली. हे खरेच आहे. परंतु एवढे म्हणून विषय मिटवणे म्हणजे त्या हिरवळीवर घाम गाळणाऱ्या माणसांनाही साहेबांच्याच खात्यावर मांडणे होय.

इंडियन ओपन ही स्पर्धा १९६४ साली सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी ती पी. जी. सेठी या हौशी खेळाडूने जिंकली. पण खेळावर पोट असलेल्या भारतीयाला ती जिंकण्यासाठी १९९१ उजाडावे लागले. तो विजेता होता अली शेर, दिल्ली गोल्फ क्लबमध्ये सभासदांच्या पिशव्या वाहणारा कॅडी. १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली. २००९ चा विजेता बंगळुरूचा सी. मुनियप्पा, तोही कॅडीच. शिवशंकर प्रसाद चौरासिया याचे वडील १८२९ साली स्थापन झालेल्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये मैदानाची निगा राखीत. बापाने राखलेल्या गवतावर मुलगा इतरांचा खेळ पाहून पाहून शिकला; त्याला कोणी गुरू नव्हता. २००८ साली युरोपीय मालिकेतील स्पर्धा भारतात प्रथमच भरली, तेव्हा जगातील नामांकितांना मागे टाकून त्याने ती जिंकली आणि चार लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळवली. पुढे २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन, आणि मध्यंतरी रिओचे ऑलिंपिक. या खेळात शिरण्याचे दुसरे दार लष्कराचे. १९८७ साली पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी हा लष्करी डॉक्टरचा मुलगा. वडिलांबरोबर खेळता खेळता तो शिकला. दोन्ही दारे ज्यांना बंद आहेत, त्यांच्यासाठी तिसरे दार शोधूनही सापडत नाही.

आता, चौरासियाच्या कहाणीचे कौतुक करण्यात वृत्तपत्रे कधी मागे राहिली नाहीत. गरिबाचे पोर मोठे झाले की व्यवस्थेला न्यायी ठरवण्याची सोय होते. पण एका चौरासियामागे जे शेकडो कॅडी आयुष्यभर पिशवीच वाहतात, त्यांचे काय? कॅडी हा बहुधा क्लबचा नोकर धरला जात नाही. त्याला फेरीमागे मजुरी मिळते. पाऊस लागला, फेरी झाली नाही, की मजुरी बुडाली. हाँगकाँगच्या एका कॅडीने हा प्रश्न थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेला होता. क्लबने त्याला क्रमांक दिला होता, गणवेश दिला होता, कपाटही दिले होते. तरीही तो क्लबचा नोकर नव्हे, असा निकाल १९९७ साली बहुमताने लागला. गणवेश मालकाचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही, हा न्याय आज घरोघर डबे आणि पार्सले पोचवणाऱ्या पोरांना लावला जात आहे. कॅडीने तो फार आधी सोसला.

दुसरा प्रश्न जमिनीचा, आणि तो वर्सोव्याच्या कोळीवाड्यात नेऊन पाहिला की अधिक स्पष्ट होतो. गोल्फ जन्माला आला तो क्लबात नव्हे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील, शेतीला निरुपयोगी अशा वाळवट, सामाईक जमिनीवर तो वाढला. सेंट अँड्र्यूज गावच्या लोकांचा त्या जमिनीवर खेळण्याचा हक्क १५५२ च्या एका दस्तऐवजात नोंदलेला आहे. १७९७ साली नगरपालिका कर्जात बुडाली, जमीन सशांची पैदास करणाऱ्यांच्या हाती गेली, आणि गावकऱ्यांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला. आज जगातले ते सर्वांत प्रसिद्ध मैदान सार्वजनिक आहे. रविवारी तेथे सहसा खेळ बंद असतो आणि गावातली माणसे फिरायला जातात. एडिंबरोजवळच्या मसलबरा येथील क्लबने १८१० च्या अखेरीस ठराव केला, की मासळी विकणाऱ्या बायकांपैकी जी गोल्फमध्ये पहिली येईल तिला नवी टोपली आणि शाल द्यावी. कोळणींना बक्षीस म्हणून मासळीचीच टोपली!

वर्सोव्याच्या – गावकऱ्यांच्या बोलीत वेसाव्याच्या – कोळणीला गोल्फची टोपली कोणी देऊ करणार नाही. तिची मागणीही ती नाही. तिला बोंबील वाळवायला, होडी ओढून ठेवायला, जाळी तुणायला किनारा हवा आहे. हा किनाराही सामाईकच. पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. पण वापर म्हणजे मालकी नव्हे, असे कागद सांगतो. २०३४ पर्यंतचा मुंबईचा विकास आराखडा २०१८ साली लागू झाला, तेव्हाही कोळीवाड्यांच्या सीमांकनाचे भांडण मिटलेले नव्हते. शेजारी सागरी सेतूचे खांब उभे राहात आहेत, दहिसरकडे जाणारा किनारी रस्ता कांदळवनातून आखला गेला आहे. त्याच महानगरात चेंबूरला १९२७ पासून, ताडदेवला त्याही आधीपासून, गोल्फची हिरवळ निर्वेध आहे. तिच्या सीमांकनाचा घोळ कधी ऐकिवात नाही.

मैदाने नांगरून टाका, असे म्हणणारे काहीजण आहेत. ते उतावळेपणाचे आहे. शहरातली मोकळी हिरवी जागा एकदा बिल्डरच्या हाती गेली की कोळ्यालाही मिळत नाही आणि कॅडीलाही नाही. सिडकोने खारघरला सार्वजनिक गोल्फ मैदान उभारले, म्हणजे सार्वजनिक पैशातून हा खेळ होऊ शकतो एवढे तरी सिद्ध झाले. शुल्क कामगाराच्या पोराला परवडेल असे आहे का, हा पुढचा वाद. सरकारी जमीन भाडेपट्ट्याने घेतलेल्या कोणत्याही क्लबचा पट्टा नूतनीकरणास येईल, तेव्हा दोन अटी घालण्यास हरकत नसावी: प्रत्येक कॅडीची नोंद कामगार म्हणून व्हावी, भविष्यनिर्वाह निधी व आजारपणाच्या विम्यासह, आणि आठवड्यातून एक दिवस मैदान कॅडींच्या व आसपासच्या वस्तीतील मुलांना विनाशुल्क खुले राहावे. कॅडींना सोमवारी खेळू देण्याची रीत काही क्लबांत आहेच. ती मेहरबानी म्हणून चालते, ती हक्क म्हणून लिहून घ्यावी. आणि वेसाव्याच्या किनाऱ्याचे मोजमाप त्याच महसूल खात्याने, त्याच तत्परतेने पुरे करावे.