जंगल कुणाच्या बापाचं?



“आम्ही साच्यावर उभी राहणारी माणसं, आमचा जंगलाशी काय संबंध?” असं कुणी विचारील. संबंध आहे! आपल्यातल्या कितीकांचे आजे चांदा-भंडाऱ्याच्या खेड्यांतून नागपूरच्या गिरण्यांत आले. १८७७ साली इथे एम्प्रेस मिल सुरू झाली, १८७८ साली इंग्रजांचा वनकायदा आला. इकडे गिरणीचं दार उघडलं, तिकडे रानाची वाट बंद झाली. काल सरपण आणणारा माणूस आज चोर ठरला.

त्याआधीच्या राज्याला लाकूड लागत नव्हतं काय? मराठ्यांच्या आरमाराला कोकणचं सागवान लागेच. पण रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र बजावतं की रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका. जीर्ण झाड घ्यायचंच तर धन्याला राजी करून, पैसे मोजून घ्या. गोऱ्या साहेबानं विचारलं कुणाला?

म्हणून १९३० साली लोक उठले. वऱ्हाडापासून समुद्र शेकडो मैल दूर. तेव्हा १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव रानात गवत कापून कायदा मोडला. २५ सप्टेंबरला समुद्रकाठी, उरणजवळच्या चिरनेरला गोळीबार झाला. नाग्या कातकरी तिथेच पडला. ९ ऑक्टोबरला सिवनी जिल्ह्यातल्या टुरियाला चौघे मेले, त्यांत तीन बाया! तेव्हा सिवनीचा कारभार आपल्या नागपुरातूनच चाले.

१९५६ साली सीमा बदलल्या, सिवनी मध्य प्रदेशात राहिली. १९६० साली मराठी राज्य झालं. सरकार मराठीत बोलू लागलं, पण रानावर कायदा राहिला इंग्रजांचाच, १९२७ सालचा! बांबू कारखान्याला करारानं जाई आणि रानातल्या माणसाला टोपलीपुरता तोडायचा तर परवानगी लागे. हुकूम आपल्या भाषेत आला म्हणून तो न्यायाचा होतो काय?

वाट दाखवली ती गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं. “दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” अशी त्या गावची घोषणा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावानं सुमारे १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळवला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचं पासबुक ग्रामसभेच्या हाती आलं.

तेव्हा दादांनो, बायांनो, सणावारी गावी जाल तेव्हा एवढं विचारा: आपल्या ग्रामसभेनं सामूहिक दावा केला का? वनहक्क समिती नेमली का? कागद नाही म्हणून कुणी हटकलं तर ऐकू नका. म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही या कायद्यात पुरावा धरतात. म्हातारे आहेत तोवर तो लिहून घ्या!

गिरणीत एकट्यानं मागून कधी काही मिळालं नाही; युनियन केली तेव्हा मिळालं. रानाची युनियन म्हणजे ग्रामसभा. तिला बळ द्या!