उंदीर ढ की पिंजरा ढ?

अक्कल रक्तातूनच येते असं छातीठोक सांगणाऱ्या पंडितांनो, मी तुमच्याच प्रयोगशाळेतल्या उंदरांची साक्ष काढतो. ऐका.

१९५८ साली कॅनडात कूपर आणि झुबेक यांनी दोन वाणांचे उंदीर तपासले. निवडून निवडून पैदास केलेले. एक वाण हुशार, दुसरा ढ. नेहमीच्या पिंजऱ्यात वाढले तर भुलभुलैयात हुशारांच्या सरासरी चुका ११७, ढ उंदरांच्या १६४. झालं! पंडित खूश.

पण करड्या भिंतीसमोरच्या उघड्याबोडक्या पिंजऱ्यात पिल्लं वाढवली, तर दोघांच्याही चुका १७०च्या घरात. बोगदे, आरसे, झोपाळे असलेल्या पिंजऱ्यात वाढवली, तर हुशार १११, ढ १२०. कुठं गेलं रक्त?

वाण खोटा, असं मी म्हणत नाही. पण वाणातला फरक दिसणार की नाही, हे पिंजरा ठरवतो.

आणि शिक्का? १९६३ साली अमेरिकेत रोझेंथाल आणि फोड यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, हे उंदीर हुशार, ते ढ. उंदीर सगळे सारखेच होते. तरी 'हुशार' म्हटलेलेच पुढं गेले. तिथं वाणाचा पत्ताच नव्हता, नुसता शिक्का!

आमच्या बापजाद्यांना करड्या पिंजऱ्यात कोंडलं कुणी? ढ म्हणून शिक्का मारला कुणी? आणि आता तुम्हीच गुणवत्तेच्या नावानं गळा काढता?

दोस्तांनो, मी उंदीर नाही. मला पिंजऱ्यात टांगलेला झोपाळा नको. मला पिंजराच मोडायचाय.