नावाआधीची दोन अक्षरे



मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते, म्हणून या गावाला विदर्भाची काशी म्हणतात. नदीचा हा मान विधवेच्या नावाआधी 'गं. भा.' होऊन लागतो, तेव्हा काय होते? गंगा भागीरथी! ऐकायला गौरव, व्यवहारात हळदीकुंकवातून वगळण्याची खूण. विधुर मात्र 'श्री.'च राहतो.

चिनी लिपीतही विवाहितेच्या अक्षरात स्त्रीच्या चिन्हाशेजारी केरसुणी आहे. १९५६ साली लिपी सोपी करताना केरसुणीचा खालचा भाग गळला. पण अक्षर बदलले म्हणून केर काढणे थोडेच सुटते?

एप्रिल २०२३ मध्ये आपल्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा'ऐवजी 'गं. भा.' सुचवले, त्याला विरोध झाला. हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्येच कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला होता. बदल हवा तो असा.

निराधार योजनेच्या अर्जावर 'विधवा' हा शब्द मी जरूर लिहून देते. तिथे तो हक्क मिळवून देतो. पण बचतगटाच्या वहीत, सभेच्या हजेरीत 'सौ.' आणि 'गं. भा.' कशाला? आपापल्या वह्या उघडून पाहू या. बाईचे नाव तेवढे पुरे.