चिंताविकार आणि समुपदेशकाची निवड

व्यापार आणि काळजी यांचे नाते जुने आहे. उधारी अडकली, कराची नोटीस आली, मार्चअखेर जवळ आली, की पेढीवरच्या माणसाची झोप उडते. वसुली झाली की ती परतही येते. वैद्यकशास्त्र ज्याला चिंताविकार म्हणते त्याची जात वेगळी. तेथे कारण संपले तरी काळजी संपत नाही, ती दुसरे कारण शोधते. छातीत धडधड, तळहातांना घाम, मध्यरात्री दचकून जाग येणे, फोन वाजला तरी जीव दडपणे, हे महिनोन्‌महिने चालते. अशा वेळी कुटुंबे प्रथम हृदयरोगतज्ज्ञाकडे धावतात आणि त्यात गैर काही नाही. हृदयाचा आलेख, थायरॉइड, रक्तक्षय यांची तपासणी करून घेतलीच पाहिजे. परंतु सारे अहवाल निर्दोष आल्यावर ‘काही झालेले नाही, मनावर घेऊ नकोस’ असे सांगून घरची मंडळी मोकळी होतात. रुग्ण मात्र मोकळा होत नाही.

मग कोणाकडे जायचे? येथे तीन व्यवसाय एकमेकांत मिसळले जातात. मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस.नंतर मनोविकारशास्त्रात एम.डी. किंवा पदविका घेतलेला डॉक्टर. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याचा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, तो मनोपचार करतो, आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. समुपदेशक हा शब्द मात्र फार सैल आहे. मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षे देखरेखीखाली काम केलेली व्यक्तीही समुपदेशक, आणि काही आठवड्यांचे प्रमाणपत्र भिंतीवर लावणारी व्यक्तीही समुपदेशकच. 2021 च्या राष्ट्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांत समुपदेशकांनाही घेतले आहे. ती व्यवस्था सर्वत्र रुळेपर्यंत पारख कुटुंबालाच करावी लागेल. नव्या गिऱ्हाईकाला माल उधार देण्यापूर्वी बाजारात चार ठिकाणी चौकशी करणारा व्यापारी, आपले मन ज्याच्या हाती द्यायचे त्याचे शिक्षण विचारायला संकोचतो, हे नवलच. पदवी कोणती, चिंतेचे रुग्ण यापूर्वी हाताळले आहेत काय, पद्धत कोणती, साधारण किती बैठका, शुल्क किती, हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. चांगला समुपदेशक त्यांची सरळ उत्तरे देतो. ‘तीन बैठकांत कायमचा गुण’ असे वचन देणाऱ्याकडून उठून यावे.

एका तालुक्याच्या गावातील भुसार मालाच्या व्यापाऱ्याच्या धाकट्या मुलाचे उदाहरण बोलके आहे. दोनदा हृदयाचा आलेख निघाला, दोन्ही वेळा स्वच्छ. पत्नीच्या आग्रहाने तो पहिल्या समुपदेशिकेकडे गेला; त्या त्याच गल्लीतल्या, सासूबाईंच्या महिला मंडळातल्या. तेथे तो फक्त झोपेविषयी बोलला. वडिलांच्या मोठ्या आवाजाने हात थरथरतात, हे सांगण्याची त्याची छाती झाली नाही. दुसऱ्या ठिकाणी चार मिनिटांत चिठ्ठी मिळाली, प्रश्न एकही नाही. तिसरी व्यक्ती शेजारच्या शहरातील चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारले, ‘फोन वाजतो तेव्हा पहिला विचार कोणता येतो?’ तो म्हणाला, ‘पार्टी बुडाली.’ तेथून काम सुरू झाले. विचार टिपून ठेवणे, तो पुराव्यावर तपासणे, टाळलेल्या गोष्टी थोड्या थोड्या करून पाहणे. आरोन बेक यांनी 1960 च्या दशकात घडवलेल्या बोधात्मक उपचाराचा हाच गाभा. मराठीत याला जवळची असलेली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी रुजवली, त्यामुळे मराठी वाचकाला ही वाट अगदीच परकी नाही. आठवड्याला एक अशा बारा-पंधरा बैठका धरून चालावे. तीन-चार बैठकांनंतरही मन उघडत नसेल, तर तसे स्पष्ट सांगून दुसरी व्यक्ती शोधावी. पुरवठादार बदलताना कोणाला अपराधी वाटत नाही.

भाषेचा मुद्दा त्याहून नाजूक. ‘धाकधूक’, ‘जीव घाबरा होणे’, ‘पोटात गोळा येणे’ यांतील फरक इंग्रजीत सांगता येत नाही. घरात मारवाडी किंवा गुजराती बोलणाऱ्या आजीला तर मराठीही परकी वाटेल. ज्या भाषेत माणूस रडतो त्या भाषेचा समुपदेशक मिळाल्यास उत्तम. आपल्याच समाजातील असावा काय? त्याला एकत्र कुटुंब, भागीदारी, उपवास समजावून सांगावे लागत नाहीत. पण लग्नसमारंभात तो समोर येतोही. तरुण मुलामुलींच्या घरी बायोडाटाची भीती मोठी असते, आणि त्यापायी उपचार वर्षानुवर्षे लांबतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांविषयीच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तेव्हा माहिती कोणाला सांगितली जाईल, वडिलांनी फोन करून विचारले तर काय उत्तर दिले जाईल, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. शुल्क वडील भरतात म्हणून मुलाची वही त्यांच्यापुढे उघडत नाही.

औषधाची गरज लागलीच तर दोन गोष्टी लपवू नयेत. पहिली, चौविहार आणि दीर्घ तप. दिवसातून एकदाच घ्यायच्या अनेक गोळ्या सकाळी घेता येतात. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, तेथे साधी गोळी मागता येते. डॉक्टरांना ठाऊकच नसेल तर ते सुचवणार कसे? दुसरी, पर्युषणात अठाईसाठी गोळ्या आपल्याच मनाने बंद करणे. चिंतेवरील नेहमीच्या औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि ती एकदम थांबवली तर त्रास उलटतो. झोपेसाठी म्हणून दुकानातून परस्पर आणल्या जाणाऱ्या गोळ्यांची तर सवय जडते. घरातील जाणत्यांनी तो डबा एकदा तपासावा.

खर्चाविषयी थोडे. याच कायद्याने विमा कंपन्यांवर मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देण्याचे बंधन घातले आहे. तथापि नेहमीच्या पॉलिसीत रुग्णालयात दाखल झाल्याचाच खर्च मिळतो, बैठकांचे शुल्क बहुधा खिशातूनच जाते. प्रस्तावपत्रात आजार लपवला तर पुढे दावा फेटाळला जाण्याचा धोका असतो. ज्यांना शुल्क परवडत नाही किंवा कोठून सुरुवात करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी 10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. 14416 या क्रमांकावर ती अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. अडचण उरते ती बोलण्यासाठी जागेची. एकत्र कुटुंबात दार लावून घेतले तरी चौकशी होते. वर सांगितलेला तो मुलगा अजूनही दर गुरुवारी गोदामामागे गाडी लावून, काचा वर करून तासभर मोबाइलवर बोलतो. हमालांना वाटते, पुण्याच्या पार्टीशी सौदा चालला आहे.