लोकप्रशासनाचे शिक्षण : कोणी घ्यावे, कशासाठी घ्यावे?



पदवीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "मुलगी बी.ए. झाली, आता पुढे काय?" कोणी डी.एड. सुचवितो, कोणी संगणकाच्या वर्गाला घाला म्हणतो. त्यात आणखी एक सल्ला मिळतो, "लोकप्रशासनात एम.ए. करा, कलेक्टर होता येते." या सल्ल्यात खरे किती आणि पोकळ किती, हे आई-वडिलांनी आधी नीट समजून घेतले पाहिजे. कारण ही दोन वर्षे कोणाच्या तरी नाक्यावरच्या मजुरीतून, कोणाच्या तरी धुण्याभांड्यांच्या कामातून निघणार आहेत.

प्रथम विषय काय आहे ते पाहू. सरकार कायदा करते, योजना जाहीर करते, पण ती आपल्या दारापर्यंत येते कशी? पैसा कोठून येतो, कोणत्या खात्यात जातो, माणसे कशी नेमली जातात, चुकले तर जाब कोणाला विचारायचा? या सर्वांचा अभ्यास म्हणजे लोकप्रशासन. वुड्रो विल्सन यांनी १८८७ साली लिहिलेल्या एका लेखापासून या विषयाची सुरुवात धरली जाते. हे गृहस्थ पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. भारतात १९५४ साली दिल्लीला भारतीय लोकप्रशासन संस्था स्थापन झाली. एम.ए.ला संघटनेचे सिद्धांत, सेवकवर्ग प्रशासन, वित्तीय प्रशासन म्हणजे अंदाजपत्रक व लेखापरीक्षण, स्थानिक स्वराज्य संस्था, लोकनीती असे विषय असतात.

आपल्याला हा विषय परका नाही. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली त्यांनी एम.ए.साठी प्रबंध लिहिला, तो ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था यांवर. पुढचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर, तो १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला. राज्याची तिजोरी कशी चालते हे त्यांनी संविधान लिहिण्याच्या कितीतरी आधी मुळापासून अभ्यासले होते. हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आम्ही कचेरीत कारकुनी करतो, म्हणून एक गोष्ट रोज डोळ्यांनी पाहतो. अर्ज बारनिशीत नोंदला जातो, तेथून तो संबंधित टेबलावर येतो, कारकून टिपणी लिहितो आणि मग फाईल एकेक पायरी वर चढते. साहेबांची सही शेवटी होते, पण सही कशावर व्हायची ते बहुतेक वेळा टिपणीतच ठरलेले असते. शासन निर्णयाचा कोणता परिच्छेद पुढे ठेवला आणि कोणता ठेवला नाही, यावर एखाद्या विधवा बाईचे अनुदान मंजूर होते किंवा 'त्रुटी' म्हणून परत येते. मोक्याच्या जागा म्हणजे फक्त वरच्या खुर्च्या नव्हेत, हे टेबलसुद्धा मोक्याचेच आहे. टेबलाच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे नियम जाणणारी आपली माणसे हवीत.

आता 'कलेक्टर होता येते' याविषयी. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, एम.ए.ची अट नाही. मुख्य परीक्षा १७५० गुणांची असते. त्यातील वैकल्पिक विषयाला ५०० गुण. पूर्वी असे दोन विषय घ्यावे लागत, २०१३ पासून एकच राहिला. लोकप्रशासन हा त्यांपैकी एक आहे आणि राज्यकारभाराचा भाग सामान्य अध्ययनातही येतो, म्हणून या अभ्यासाचा उपयोग निश्चित होतो. उत्तरे मराठीतून लिहिता येतात. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना वयाची मर्यादा ३७ वर्षे असून त्या वयापर्यंत कितीही वेळा बसता येते. पण एम.ए. केले म्हणून परीक्षा निघते, असे कोणी क्लासवाला सांगत असेल तर त्याच्यापासून सावध राहावे. लाखो मुले बसतात आणि जागा काही शेच असतात. म्हणून केवळ परीक्षेच्या आशेने नाव घालून वर्षे काढू नयेत. तलाठी, ग्रामसेवक, लिपिक, नगरपालिकेच्या परीक्षा बरोबरीने देत राहाव्यात.

दुसरी वाट संस्थांची. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली हिशेब तपासून द्यावे लागतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक नफ्यावरील कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक झाले. हा पैसा मागायला प्रस्ताव लिहावा लागतो, अंदाजपत्रक मांडावे लागते, झालेल्या कामाचा अहवाल द्यावा लागतो. आपल्या संस्थांत तळमळीची माणसे पुष्कळ आहेत, कागद नीट ठेवणारी कमी. तेथे हे शिक्षण कामी येते. मात्र अशा नोकऱ्या बहुधा प्रकल्पापुरत्या, कराराच्या असतात. प्रकल्प संपला की पगारही थांबतो, हे घरात आधीच बोलून ठेवावे. ज्याला वस्तीत, गावात प्रत्यक्ष काम करायचे आहे त्याने समाजकार्याच्या पदवीचाही विचार करावा. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासून हे शिक्षण देत आहे.

शिकावे कोठे? नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठात लोकप्रशासनाचे विभाग आहेत. नोकरी सोडता येत नसेल त्याने इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची वाट धरावी. तेथे कोणत्याही शाखेच्या पदवीधराला या विषयात एम.ए. करता येते. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी आहे, एवढे लक्षात असू द्यावे. नगरपालिकेत लागलेल्यांसाठी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचे पदविका अभ्यासक्रम आहेत. ही संस्था १९२६ ची.

खर्चाचे काय? घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न त्याहून जास्त असले तरी राज्याच्या योजनेतून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची सवलत मिळते. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरावयाचे असतात. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. परदेशी जाण्याची तयारी असेल त्यांच्यासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती व केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अशा दोन योजना आहेत. प्रवेश झाल्या दिवशीच कागद गोळा करावेत. बँकेचे खाते आधारला जोडलेले नसले तर मंजूर झालेले पैसेही अडकून पडतात.

एक कागद मात्र विशेष जपावा. राज्याच्या कामाला 'नवबौद्ध' असा दाखला चालतो. पण केंद्राच्या नोकरीसाठी व परीक्षेसाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो आणि त्यात मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असावा लागतो. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, त्या याच आधारावर. जे नाव आपण टाकून दिले ते पुन्हा कागदावर पाहणे मनाला बोचते, हे आम्ही जाणतो. तरीही अर्जाच्या शेवटच्या दिवशी दाखल्यासाठी धावपळ होऊन संधी हुकणे त्याहून वाईट. प्रांत कार्यालयातून हा दाखला पदवीच्या वर्षातच काढून ठेवावा.

आमचा सल्ला असा. घराला आजच पगाराची गरज असेल तर मिळेल ती चांगली नोकरी धरावी आणि एम.ए. मुक्त विद्यापीठातून करावे. घर दोन वर्षे कळ काढू शकत असेल आणि मुलाला वाचनाची गोडी असेल तर विद्यापीठात पाठवावे. दुसरे काही सुचत नाही म्हणून मात्र हा विषय घेऊ नये. मुलीच्या बाबतीत 'इतके शिकून नवरा कोठून आणायचा' हे वाक्य घरातून कायमचे हद्दपार करावे. ग्रामपंचायतीत आज निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेथे सरपंचबाईंना ठराव आणि जमाखर्च समजावून सांगणारी शिकलेली लेक गावाला हवी आहे.

आणि शिकलेल्यांना दोन शब्द. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे ११.८ टक्के आहे. तेवढ्या प्रमाणात विकासाचा निधी राखून ठेवावा हे धोरण १९७९-८० पासूनचे. तो निधी आपल्या तालुक्यात किती आला, किती खर्च झाला आणि कशावर झाला, हे अंदाजपत्रक वाचता येणाराच विचारू शकतो. माहितीचा अधिकार २००५ साली आला, राज्याचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ साली. ही हत्यारे वापरायला मोठे पद लागत नाही. ज्याने हा विषय शिकला त्याने रविवारी विहारात दोन तास बसून लोकांचे अर्ज लिहून द्यावेत आणि नियम समजावून सांगावा. ज्या मजुरीवर आपण शिकलो तिची थोडी परतफेड त्यातून होईल.

प्रवेशाच्या तारखा जवळ आल्या की प्रत्येक विहाराच्या फलकावर त्या खडूने लिहून ठेवाव्यात, एवढे काम महिला मंडळाने व तरुण मंडळाने अवश्य करावे.

जयभीम!