चार खासदारांचा हिशेब अजून बाकी आहे

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे निकाल लागले. त्यानंतरच्या सोमवारी बेलापूरला न्यायालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एका तरुण कार्यकर्त्याने मला गाठले. म्हणाला, ''वकीलसाहेब, जूनमध्ये सगळे सांगत होते की संविधान आपणच वाचवले. मग पाच महिन्यांत आपली मते गेली कुठे?''

पोराचा प्रश्न बरोबर होता, पण त्याचा हिशेब जून २०२४ पासून सुरू होत होता. हा हिशेब १९९८ पासून मांडावा लागतो. त्या वर्षीच्या मध्यावधी निवडणुकीत आंबेडकरी जनतेने जे मिळवले आणि पुढच्या दीड वर्षात नेत्यांनी जे घालवले, ते नीट समजून घेतल्याशिवाय २०२४ चे दोन्ही निकाल कळणार नाहीत.

आधी २०२४ पाहू. लोकसभेला 'चारसौ पार'ची घोषणा झाली आणि वस्त्यावस्त्यांतून एकच सवाल उभा राहिला, चारशे कशासाठी? संविधान बदलण्यासाठी? जनतेने कोणाच्या आदेशाची वाट पाहिली नाही. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी ३० महाविकास आघाडीला गेल्या, १७ महायुतीला. अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर आणि सोलापूर या अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या पाचही जागा आघाडीने जिंकल्या. नोव्हेंबरमध्ये मात्र चित्र पालटले. २८८ पैकी भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. काँग्रेस १६ वर आली.

आता या दोन्ही निकालांत आपले काय, हे विचारा. लोकसभेत महाराष्ट्रातून रिपब्लिकन खासदार शून्य. विधानसभेत रिपब्लिकन नावाच्या कोणत्याही पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला आमदार शून्य. वंचित बहुजन आघाडी शून्य. जूनमध्ये विजयी झालेल्यांनी आपले आभार मानले, नोव्हेंबरमध्ये विजयी झालेल्यांना त्याचीही गरज वाटली नाही. दोन्ही वेळा आपण मतदार होतो, भागीदार नव्हतो.

भागीदार एकदाच होतो. १९९८ साली.

त्या निवडणुकीची पार्श्वभूमी विसरता येणार नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. त्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या निःशस्त्र माणसांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा भीमसैनिक शहीद झाले. राज्यात युतीचे सरकार होते. खाडीच्या अलीकडे, आमच्या दिघा-तुर्भ्याच्या वस्त्यांतही त्या दिवशी चूल पेटली नाही. जनतेच्या रेट्याने गटांचे पुढारी एका झेंड्याखाली उभे राहिले होते. काही महिन्यांत गुजराल सरकार कोसळले, लोकसभा विसर्जित झाली आणि मध्यावधी निवडणूक आली. शरद पवारांच्या पुढाकाराने काँग्रेस, रिपब्लिकन पक्ष आणि समाजवादी पक्ष यांचा समझोता झाला.

निकाल काय लागला? १९९६ साली ४८ पैकी ३३ जागा जिंकणारी युती १० वर आली. १५ वरची काँग्रेस ३३ वर गेली. आणि रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार लोकसभेत गेले: अकोल्यातून ॲड. प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून प्रा. जोगेंद्र कवाडे आणि उत्तर मध्य मुंबईतून रामदास आठवले.

या चार नावांपेक्षा त्या चार मतदारसंघांकडे पाहा. तेव्हा ते चारही खुले होते. राखीव एकही नव्हता. हा मुद्दा मी वकील म्हणून मुद्दाम मांडतो. १९३२ च्या पुणे कराराने जागा वाढल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. संविधानातील कलम ३३० आणि ३३२ प्रमाणे आज ज्या राखीव जागा आहेत, तिथे उमेदवार अनुसूचित जातीचा असतो, पण त्याला निवडून देणारे बहुसंख्य मतदार इतर समाजाचे असतात. साहजिकच तिकीट देणाऱ्या पक्षाला तिथे आज्ञाधारक माणूस चालतो. स्वाभिमानी माणूस राखीव जागेवरसुद्धा पडू शकतो, हे १९५२ साली उत्तर मुंबईत खुद्द बाबासाहेबांच्या पराभवाने दाखवून दिले आहे.

मग १९९८ साली खुल्या जागेवर आपला माणूस आला कसा? एकट्या बौद्ध मतांवर यातला एकही मतदारसंघ जिंकता येत नव्हता. याचा सरळ अर्थ असा की मित्रपक्षाचे मराठा, कुणबी, मुस्लिम मत आपल्या उमेदवाराला पडले. आपले मत मित्राकडे जाते, हे जगाला माहीत आहे. मित्राचे मत आपल्याकडे येते का, हीच समझोत्याची खरी परीक्षा असते. १९९८ साली मित्र त्या परीक्षेत उतरला, कारण समोर एक पक्ष होता, एक यादी होती आणि दगा दिला तर राज्यभर भोगावे लागेल ही धास्ती होती.

ही धास्ती आपण दीड वर्षात घालवली. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. एका मताची किंमत काय असते हे सबंध देशाने पाहिले. तेव्हा लोकसभेच्या विरोधी बाकांवर आपले चार खासदार होते. कोणत्याही शहाण्या पक्षाने ही ताकद दुप्पट करण्याचा विचार केला असता. इथे उलटे घडले. जूनमध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन केली. काँग्रेस फुटली तसे आपणही फुटलो. कोणी या काँग्रेसकडे, कोणी त्या काँग्रेसकडे, कोणी स्वतंत्र. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लोकसभा आणि मुदतीआधी आलेली विधानसभा, दोन्ही निवडणुका एकदमच झाल्या. बाळासाहेबांनी अकोला राखले. आठवले उत्तर मध्य मुंबईची खुली जागा सोडून पंढरपूरच्या राखीव जागेवर गेले आणि जिंकले. अमरावती आणि चिमूर गेले. घर फुटले की भाडेकरूसुद्धा भाडे देत नाही, तिथे मित्रपक्ष मत कशाला देईल?

तेव्हापासून आपल्या राजकारणाला जे वळण लागले ते आजतागायत सुटलेले नाही. पक्षासाठी जागा मागायच्या सोडून नेत्यासाठी जागा मागायची. लोकसभा नाही तर राज्यसभा, राज्यसभा नाही तर विधान परिषद, तेही नाही तर एखादे महामंडळ. ज्या समाजाची मते राज्याचा निकाल फिरवू शकतात, त्याचा सौदा एका खुर्चीवर तुटतो.

यावर काही वाचक म्हणतील, वंचितने तर स्वाभिमानाने लढून पाहिले. खरे आहे. २०१९ साली वंचित आणि मजलिस यांनी मिळून ४० लाखांच्या घरात मते घेतली. ही लहान गोष्ट नव्हती. पण दुसऱ्या निवडणुकीपर्यंत ती युती टिकली नाही आणि २०२४ च्या लोकसभेत वंचितची मते त्याच्या निम्म्याहूनही खाली आली. 'मते फोडणारे' हा शिक्का आपल्यावर मारणाऱ्यांनाही एक गोष्ट विचारली पाहिजे. २०२४ ला अकोल्यात बाळासाहेबांना पावणेतीन लाखांवर मते पडली, काँग्रेसला चार लाखांवर आणि भाजप साडेचार लाखांच्या आसपास मते घेऊन निवडून आला. १९९८ साली जी जागा समझोत्यात आपली होती, तिथे काँग्रेसने उमेदवार उभा केला. मग मते कोणी कोणाची फोडली? दोष दोन्हीकडचा आहे. चर्चा फिसकटली की संविधान धोक्यात असल्याची आठवण फक्त आपल्यालाच करून दिली जाते, त्यांना नाही.

आता नवी मुंबईकडे येतो. विधानसभेला बेलापूर मतदारसंघात भाजपच्या मंदा म्हात्रे यांनी राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाच्या संदीप नाईक यांचा अवघ्या ३७७ मतांनी पराभव केला. ३७७! एका बुद्धविहाराच्या वर्षावास समारोपाला याहून जास्त उपासक-उपासिका जमतात. जिथे निकाल ३७७ मतांवर लागतो, तिथे आपली एकगठ्ठा मते कोणालाही पाडू शकतात किंवा आणू शकतात. मग झोपडपट्टीचे पुनर्वसन, कंत्राटी सफाई कामगारांचे कायम होणे, एमआयडीसीतल्या कामगारांचे प्रश्न यांवर एकाही उमेदवाराकडून लेखी, जाहीर शब्द आपण का घेऊ शकलो नाही? कारण प्रत्येक वस्तीचा पुढारी वेगळ्या उमेदवाराच्या गाडीत बसला होता. मी हे इतरांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या गाड्या जाताना मीही टपरीवर बसून पाहत होतो.

आणि एकट्या मतांनी भागणार नाही, हेही याच मातीत बाबासाहेबांनी शिकवले आहे. १९३३ साली अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली आगरी कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ साली कोकणातला शेतकरी स्वतंत्र मजूर पक्षाच्या झेंड्याखाली मुंबईत मोर्चाने धडकला. महार आणि आगरी, दोन्ही एकाच मोर्चात. आज त्याच आगऱ्यांची नातवंडे सिडकोच्या साडेबारा टक्के भूखंडांसाठी झगडतात आणि आपली माणसे झोपडीच्या पात्रतेसाठी. दोघांची लढाई जमिनीची, दोघांचा अर्ज एकाच कचेरीत. पण निवडणुकीत दोघे एकमेकांना फक्त प्रचारफेरीत भेटतात.

तेव्हा करायचे काय? समझोता करावाच लागेल, पण तो नेत्याच्या बंगल्यात नाही, जनतेसमोर आणि कागदावर. एक यादी, एक चिन्ह. मागणी राखीव जागांबरोबर खुल्या जागांची. मित्रपक्षाने आपले मत आपल्या उमेदवाराला दिले की नाही, हे मतदान केंद्रनिहाय आकडे काढून निकालानंतर तपासायचे आणि ज्याने दगा दिला त्याला पुढच्या वेळी त्याच भाषेत उत्तर द्यायचे. यासाठी नवा पक्ष काढण्याची गरज नाही. पक्ष आपल्याकडे भरपूर आहेत.

कलम ३३४ प्रमाणे विधिमंडळातील राखीव जागांची मुदत सध्या जानेवारी २०३० पर्यंत आहे. ती पुढे वाढेल किंवा वाढणार नाही, ते त्या वेळची संसद ठरवील. त्या संसदेत १९९८ सारखे खुल्या जागेवरून आलेले आपले चार खासदार असतील की नाही, हे मात्र आपण ठरवायचे आहे.

टपरीवरच्या त्या तरुणाला मी एवढेच म्हणालो, ''मते कुठेच गेली नाहीत रे, ती वस्तीतच आहेत. मोजणारा एक नाही, म्हणून हिशेब लागत नाही.''

जयभीम!