ग्रंथ आणि बक्षीस

एखादें पुस्तक हातीं पडलें कीं, त्यास पारितोषिक मिळालें आहे काय, असें हल्लीं विद्यार्थी प्रथम विचारतात. आणि पुष्कळदां त्यांच्याही आधीं त्यांचे पालक विचारतात. प्रश्न गैर नव्हे. परंतु तो पहिला असावा असें आम्हांस वाटत नाहीं. ग्रंथकारास तें लिहावेंसें कां वाटलें, हें आधीं पाहावें.

जोतीराव फुले यांचेंच उदाहरण घ्या. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या या तरुणानें १८५५ सालीं 'तृतीय रत्न' नांवाचें नाटक लिहिलें. एक भोळें कुणबी जोडपें जोशीबुवांच्या थापांनीं कसें नागवलें जातें, आणि शेवटीं तीं दोघें रात्रीच्या शाळेंत शिकावयास कशीं निघतात, एवढीच त्याची कथा. पेशवाईंत ब्राह्मणांस वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधींतून त्या काळीं मराठी ग्रंथांस बक्षिसें देण्यांत येत असत. जोतीरावांनीं आपलें नाटक त्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे धाडलें. तें नापसंत झालें. कमिटींतील ब्राह्मण सभासदांपुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, असें त्यांनीं पुढें 'गुलामगिरी'मध्यें नमूद केलें आहे. नाटक जें बाजूस पडलें, तें छापून वाचकांपुढें यावयास १९७९ साल उजाडावें लागलें!

दुसरा कोणी असता तर त्यानें लेखणी खालीं ठेवली असती. जोतीरावांनीं १८६९ सालीं 'ब्राह्मणांचें कसब' हें पुस्तक स्वतःच्या खर्चानें छापविलें, आणि १८७३ सालीं 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली. ती त्यांनीं अर्पण केली आहे अमेरिकेंतील गुलामांस दास्यांतून सोडविणाऱ्या सज्जनांस. ती अर्पणपत्रिका वाचली म्हणजे बक्षिसाची आशा नसतांही मनुष्य कोणत्या ओढीनें लिहितो, तें कळतें.

मात्र पदरच्या पैशानें छापलें तें सारें सोनें, असा याचा अर्थ कोणी करूं नये. संगणकामुळें आतां पुस्तक काढणें पूर्वीइतकें अवघड राहिलें नाहीं; आणि लेखकाकडूनच प्रवेशशुल्क घेऊन बक्षिसें वांटणाऱ्या स्पर्धाही निघाल्या आहेत. तसला शिक्का मुखपृष्ठावर पाहून भुलणारे वाचक आम्हीं पाहिले आहेत. खऱ्या पारख्याची गरज आहेच. कुसुमाग्रजांच्या कविता वि. स. खांडेकरांनीं पारखल्या आणि १९४२ सालीं 'विशाखा' हा संग्रह पदरमोड करून प्रसिद्ध केला. त्या कवीस ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तो १९८७ सालचा. मधल्या पंचेचाळीस वर्षांत त्या कविता कांहीं पुरस्काराची वाट पाहत थांबल्या नव्हत्या. मुलांनीं त्या पाठ केल्या होत्या.

निबंधस्पर्धेंत ज्यांचे निबंध बक्षिसाविना परत येतात, त्यांच्या आईबापांस आमची एक विनंति आहे. तो निबंध रद्दींत जाण्यापूर्वीं एकदां घरीं, जेवणें आटोपल्यावर, मुलाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावा. आणि हाच विषय त्यानें कां निवडला, तें त्यालाच विचारावें.